कुंडीतले स्वातंत्र्य आणि उघडी मानस

मा. संपादक,

कालच्या रविवार पुरवणीतला अन्न-स्वातंत्र्यावरचा पानभर लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती, त्याबद्दल अभिनंदन. पण गॅलरीत डझनभर कुंड्या लावल्या की गोमंतकीय कुटुंब बेळगावच्या भाजीच्या आणि एकूणच बाजाराच्या तावडीतून सुटते, हे वाचून राहवले नाही.

लेखात दिलेली सामानाची यादीच पाहावी. कोकोपीटच्या विटा, पिशवीतले खत, संकरित बियाण्यांची पाकिटे, ठिबकचा छोटा संच. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडून येते आणि आपल्याकडची सोडणे (नारळाची साले) रस्त्याकडेला कुजतात. संकरित भाजीचे बी धरून ठेवले तर पुढच्या पिढीत झाड भलतेच निघते, म्हणजे दर हंगामाला नवे पाकीट. बेळगावच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात दरड कोसळली की भाजी महागते, हे खरे आहे. पण त्यावर उपाय म्हणून भाजीऐवजी कुंडीतली माती बाहेरून आणायची, हे स्वातंत्र्य आमच्या पचनी पडत नाही. गॅलरीत तांबडी भाजी (लाल माठ) जरूर लावावी, महिन्याभरात जुडी हाती येते.

पोट मात्र भाताने भरते. माणशी महिना 8 किलो तांदूळ धरला तर चौघांना वर्षाला 384 किलो लागतो. भाताचा तांदूळ 65 टक्के उतरतो असे मानले तर भात झाले सुमारे 590 किलो. खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतात, हेक्टरी 2 टन पिकले, तर त्यासाठी जवळजवळ 3,000 चौरस मीटर शेत हवे. एवढी गॅलरी पर्वरीतला कुठलाही बिल्डर देणार नाही! शेत मात्र गोव्याकडे आहे. मांडवी-जुवारीच्या आणि इतर नद्यांच्या काठाने सुमारे 18 हजार हेक्टर खाजन पसरले आहे. पूर्ण पानात त्याचा एका ओळीनेही उल्लेख नाही.

खाजन टिकते ते मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या मोरीच्या, दारावर. भरतीचा रेटा आला की दार आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. वीज नको, मोटर नको. बिघाड होतो तो पावणीमुळे, म्हणजे मासळीच्या लिलावामुळे. मानशीतल्या मासळीची बोली जिंकणाऱ्याला पैसे वसूल करायचे असतात. भरतीला दार अडकवून उघडे ठेवले की खारे पाणी आणि मासळी दोन्ही भरपूर आत येतात. मग ओहोटीला तोंडावर जाळे लावले की झाले. तिसवाडीतल्या एका मानशीवर गेल्या सरद (पावसाळी) हंगामात हेच झाले. पोंय (मानशीच्या आतला पाणी साठण्याचा खोलगट भाग) भरून वाहिली, पाणी मेरांवरून (शेतातल्या छोट्या बांधांवरून) रोपात शिरले. विचारणा केल्यावर उत्तर मिळाले की फळी कुजली असेल. कुजलेली फळी नेमकी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच उघडते, हा शोध आपल्या विज्ञान-पानावर छापण्यासारखा आहे.

उन्हाळ्यात पीक नसताना खारे पाणी आत घेणे वेगळे, ती जुनीच रीत आहे. मात्र ते पावसाआधी पूर्ण बाहेर काढून शेत वाळवावे लागते, आणि पहिल्या जोरदार सरींनी मीठ धुऊन गेल्यावरच मोड आणलेले बी फेकायचे. मातीची क्षारता 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की साध्या भाताचा उतारा घटू लागतो, आणि कोवळे रोप व फुलोरा या दोन वेळी तर पीक सर्वांत नाजूक असते. कोरगुट हे आपले जुने भाताचे वाण खारटपणा बरेच सोसते, म्हणून ते खाजनात टिकले. जुने गोव्यातल्या संशोधन केंद्राने त्यातूनच निवडून गोवा धान 1 आणि 2 ही वाणे दिली. कोरगुटचे बी स्वतःचे स्वतः धरता येते. शेताच्या मधल्या भागातल्या, भेसळ नसलेल्या लोंब्या वेगळ्या झोडायच्या, दाताखाली कटकन तुटेपर्यंत वाळवायच्या. पेरणीआधी 100 दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. 80 पेक्षा कमी रुजले तर बी बदला. पाकिटाविना शेती कशी होते, ते हे.

बांधाचेही तेच. आतून चिकणमाती आणि गवताचे थर, नदीच्या अंगाला चिऱ्यांची पिचिंग (दगडी अस्तर). एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, कुर्ल्या बिळे करतात, बोटींच्या लाटा पायथा खातात. बीळ वेळेत चिकणमातीने ठासून बंद केले तर काम दोन माणसांचे असते. एका उधाणापुरते दुर्लक्ष झाले की तिथेच भगदाड पडते, आणि आत शिरलेले मीठ निघायला दोन-तीन पावसाळे जातात. त्यावर हल्ली सिमेंटची भिंत बांधण्याची हौस आली आहे. मऊ चिखलावर ताठ भिंत एकसारखी बसत नाही. ती तडकते आणि पाणी खालून वाट काढते. पण उद्घाटनाचा फोटो बरा येतो, हे मान्य.

1975 च्या नियमांनी बांध-मानशीची जबाबदारी टेनंट असोसिएशनवर (कुळांच्या संघटनेवर) टाकली आहे. पावणीचे किती आले आणि बांधावर किती गेले, याचा हिशेब पावसाआधी गावात लावावा. पीक उभे असताना भरतीला दार उघडे सापडले तर अनामत जप्त, ही अट पावणीच्या कागदातच घालावी. 2023 च्या कायद्याने भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर बंधन आले, उत्तम झाले. पण खारे पाणी भरलेले शेत विकले नाही तरी पडीकच राहते.

जाता जाता आणखी एक. आपल्या अंकात पूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा येत असत. त्या जागी आता राशिभविष्य दोनदा येते, एकदा चंद्रराशीने आणि एकदा सूर्यराशीने. कृपया एक रास कमी करून वेळा परत छापाव्यात. पणजीची वेळ दिलीत तरी चालेल, वरच्या गावांत पाणी किती उशिरा पोचते ते तिथल्यांना पाठ असते.

आपला,
एक वाचक, तिसवाडी