गायरान गावाचे, तर वीज प्रकल्पातही गावाची मालकी हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी गायरान देण्याचे विषय सध्या गावोगावच्या ग्रामसभांपुढे येत आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी, या योजनेच्या हेतूला माझा मनापासून पाठिंबा आहे. रात्री दोन वाजता हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने चाचपडत मोटार चालू करायला जाण्यात आमच्या पिढीचे आयुष्य गेले आहे. वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा या योजनेतला 3 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांना झालेला आनंद मी समजू शकतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. गावाच्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या या प्रकल्पात गावाचे स्थान जागा देणाऱ्यापुरतेच का असावे?

योजनेनुसार खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक 1 लाख 25 हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. सरकारी जमीन, म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान, वार्षिक 1 रुपया अशा नाममात्र भाड्याने दिली जाते. ग्रामपंचायतीला सार्वजनिक कामांसाठी वर्षाला 5 लाख रुपये मिळतात, तेही तीनच वर्षे. प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीबरोबरचा वीजखरेदीचा करार मात्र 25 वर्षांचा असतो. माझ्या ढोबळ हिशेबाने 3 मेगावॅटचा प्रकल्प वर्षाला 45 लाख युनिटांच्या आसपास वीज तयार करतो आणि तीन रुपये दर धरला तरी वर्षाचे उत्पन्न सव्वा कोटीच्या वर जाते. त्यातून कर्जाचे हप्ते, देखभाल आणि गुंतवणुकीवरचा परतावा जायलाच हवा, हे मला मान्य आहे. तरीही ज्या गावाची बारा-पंधरा एकर चराई पंचवीस वर्षांसाठी गेली, त्याच्या वाट्याला एकूण 15 लाख यावेत, हा हिशेब मला पटत नाही. गायरानावर शेळ्या चारणाऱ्या भूमिहीन घरांना तर यातले काहीच मिळत नाही.

ग्रामपंचायत स्वतः वीज निर्माण करू शकत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने तमिळनाडूतील ओदंतुरै ग्रामपंचायतीची माहिती घ्यावी. कोइम्बतूर जिल्ह्यातील या पंचायतीने 2006 मध्ये 350 किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. एकूण खर्च 1 कोटी 55 लाख रुपये होता. त्यातले 40 लाख पंचायतीने आपल्या शिलकीतून घातले आणि उरलेले 1 कोटी 15 लाख बँकेकडून कर्जाऊ घेतले. पवनचक्की गावातही नाही. जिथे वारा चांगला आहे तिथे, गावापासून बरीच दूर ती उभी आहे. तिची वीज वीज मंडळाच्या जाळ्यात जाते, गावाचा वापर त्यातून वजा होतो आणि उरलेली वीज मंडळाला विकली जाते. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती बँकेने दाखवलेली तयारी. ग्रामपंचायतीला उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज मिळू शकते, हे त्या एका व्यवहाराने सिद्ध झाले आहे.

आपल्याकडे कायद्याची आडकाठी नाही. 2003 च्या वीज कायद्यानुसार वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. शेतीसाठी सौर ऊर्जा वापरण्याच्या केंद्राच्या 2019 च्या कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचे प्रकल्प उभारू शकणाऱ्यांत शेतकरी गट आणि सहकारी संस्थांच्या बरोबरीने पंचायतींचाही स्पष्ट उल्लेख आहे. अडचण भांडवलाची आणि निविदांच्या पद्धतीची आहे. 2024 च्या मार्चमध्ये 9,000 मेगावॅटहून अधिक क्षमतेची देकारपत्रे, म्हणजे निविदा मंजूर झाल्याची पत्रे, एकाच वेळी दिली गेली. क्षमतेचे एवढे मोठे गट पाडले की दोन मेगावॅटपुरता विचार करणाऱ्या ग्रामपंचायतीला तिथे उभे राहायला जागा उरत नाही. ज्या राज्यात शेतकऱ्यांनी शेअर्स गोळा करून साखर कारखाने उभे केले आणि जिथे त्यांतले कितीतरी कारखाने आज उसाच्या चिपाडापासून वीज तयार करून विकतात, तिथे गावाला सौर प्रकल्पाचा भागीदार होता येऊ नये, याचे मला वाईट वाटते.

सहकाराचे नाव घेताना मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा विसर पडून चालणार नाही. नगर जिल्ह्यात अनेक दशके वीजवितरण करणाऱ्या या संस्थेचे काम थकबाकीच्या वादानंतर 2011 मध्ये महावितरणकडे गेले. वितरण म्हणजे तारा, रोहित्रे, गळती आणि वसुली; ते ओझे ग्रामपंचायतीने अंगावर घेऊ नये, असेच माझे मत आहे. निर्मितीचे काम त्या मानाने सोपे आहे, कारण ग्राहक एकच असतो आणि मीटरही एकच. पण देखभालीकडे दुर्लक्ष झाले तर तेही बुडेल. आमच्या गावात एका योजनेतून सौर पथदिवे बसवले गेले होते. तीन वर्षांत बॅटऱ्या संपल्या, ठेकेदाराचा फोन लागेना आणि आज ते खांब कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधायला वापरले जातात. त्या दिव्यांच्या दुरुस्तीसाठी कोणत्याही खात्यात एक रुपयाही बाजूला काढलेला नव्हता. मी त्या वेळी ग्रामपंचायत सदस्य होतो, त्यामुळे हा दोष माझ्यासह सगळ्यांचा आहे.

घराघरावरील पॅनेलने हा प्रश्न सुटेल, असे काहींना वाटते. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली आणि तिचे कौतुक योग्यच आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटसाठी 78 हजार रुपयांपर्यंत अनुदानही आहे. परंतु ज्याचे छप्पर पत्र्याचे किंवा कौलाचे, मोडकळीला आलेले आहे, ज्याचे घर भाड्याचे आहे किंवा ज्याच्याकडे उरलेली रक्कम भरायला पैसे नाहीत, तो कुठे जाईल? दिल्लीत 2019 पासून एका ठिकाणच्या प्रकल्पाची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीचा प्रकल्प असेल तर अशा घरांच्या बिलात थेट वजावट देता येईल.

म्हणून राज्य सरकारकडे माझी मागणी आहे की, गायरानावर होणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात संबंधित ग्रामपंचायतीला निदान दहा टक्के भागीदारी देण्यात यावी आणि जमिनीचे मूल्य हेच तिचे भागभांडवल धरावे. ज्या पंचायती स्वतः प्रकल्प उभारू इच्छितात, त्यांच्यासाठी लहान क्षमतेच्या स्वतंत्र निविदा काढाव्यात आणि कर्जाला राज्याने हमी द्यावी. उत्पन्नातून देखभाल निधी आधी वेगळा काढणे बंधनकारक असावे आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवला जावा. गावाला असे स्वतःचे उत्पन्न हवेच; पाणीपुरवठा आणि पथदिव्यांची बिले थकली म्हणून गावे अंधारात गेल्याचे आपण 2021 मध्ये पाहिले आहे आणि ती बिले शेवटी वित्त आयोगाच्या निधीतून, म्हणजे गावाच्या विकासकामांच्या पैशांतून भरावी लागली. ज्या ग्रामसभांपुढे गायरानाचा ठराव अजून यायचा आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी कराराची संपूर्ण प्रत मराठीत मागून घ्यावी आणि पंचवीस वर्षांनंतर जमीन कोणत्या स्थितीत परत मिळेल, पॅनेल उचलून कोण नेईल, हे त्यात लिहिले आहे का ते पाहावे.

आपला,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य,
कोरेगाव तालुका, जि. सातारा