सही एकटीची

ग्लेनडेल, ॲरिझोना
9 मार्च 2025

तीर्थस्वरूप आई आणि तीर्थरूप बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "सहा वर्षे संपत आली, पुढे काय ठरवले आहेस?" तेव्हा मी "पत्राने कळवते" एवढेच बोलले. टाळण्याचा हेतू नव्हता. घाईने सांगितले असते तर मी चांगली सरकारी नोकरी सोडून कमी पगाराच्या कामाला निघाले आहे, एवढेच तुमच्या ध्यानात राहिले असते, आणि ते अर्धेच खरे ठरले असते.

ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या हवाई दलाशी केलेला माझा करार पूर्ण होतो आणि मी तो पुढे वाढवणार नाही. हे मी पक्के केले आहे. मात्र हातातले काम मला सोडायचे नाही. ते काम नेमके काय आहे, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलेच नाही. नातेवाइकांनी विचारले की तुम्ही "विमानांच्या खात्यात आहे" असे सांगता, आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

आमच्या विभागाला एअरक्रू फ्लाइट इक्विपमेंट म्हणतात. वैमानिकाच्या अंगावर असते ते आणि विमान सोडावे लागले तर त्याच्यासोबत जाते ते, अशा सर्व वस्तूंची देखभाल आमच्याकडे असते. उड्डाणाआधी हेल्मेट, प्राणवायूचा मुखवटा आणि वेगवान वळणात रक्त पायांत साचू नये म्हणून घालायचा जी-सूट तपासायचा, मुखवटा चेहऱ्याला नीट बसतो की कडेने गळतो हे यंत्रावर पाहायचे, ही कामाची एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला पॅराशूट, फुगणारी होडी आणि जमिनीवर किंवा पाण्यात उतरल्यावर तग धरण्यासाठीची पेटी असते. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनातली स्फोटके हाताळणारा विभाग वेगळा आहे. बाबा, तुमच्या ओझरच्या विमान कारखान्यातल्या सुखोईत के-36 आसन असते, आमच्या एफ-16 मध्ये एसेस-2 असते. तत्त्व तेच आहे, की वैमानिकाने एक मूठ ओढायची आणि पुढचे सर्व आपोआप व्हायचे. त्या पुढच्या सर्वातला शेवटचा भाग आमच्या टेबलावर घडी घातलेला असतो.

मी शिकले ती सी-9 जातीची छत्री 28 फूट व्यासाची, 28 पाकळ्यांची. लांब टेबलावर ती ताणून धरायची, प्रत्येक पाकळी दुसरीवर सरळ पाडायची, दोऱ्या एकमेकींत अडकलेल्या नाहीत हे शेवटपर्यंत हाताने चाचपून पाहायचे आणि मगच घडी पुढे न्यायची. काम चालू असताना घडी धरून ठेवायला तात्पुरत्या पिना लावतात. त्या मोजून घ्यायच्या आणि काम संपल्यावर मोजून परत ठेवायच्या, एक जरी कमी भरली तरी सगळे उघडून पुन्हा सुरुवात करायची. आई, तू लोकांची पोलकी शिवून झाल्यावर रात्री टाचण्या मोजायचीस आणि एखादी सापडेपर्यंत मला अंथरुणावर बसू द्यायची नाहीस. टेक्ससमधल्या शेपर्ड तळावर प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिक्षिकेने पिना मोजायला लावल्या, तेव्हा मला आपली मधली खोली आठवली.

या कामातली एक पद्धत मात्र पुढे मला फार महत्त्वाची वाटू लागली. पॅराशूट बांधताना ठरलेल्या टप्प्यांवर हात थांबवावा लागतो. दुसरी पात्र व्यक्ती येते, तोवरची घडी पाहते, सही करते, आणि मगच पुढचा टप्पा सुरू होतो. सहा वर्षांत मी एकटीने, कोणाच्या नजरेखालून न जाता, एकही पॅराशूट विमानापर्यंत पाठवलेले नाही.

नागरी नोकरीचा शोध सुरू केल्यावर पहिली अडचण कामाच्या नावाचीच आली. सैन्य सोडणाऱ्यांसाठी इथे सक्तीचा मार्गदर्शन वर्ग असतो. तिथल्या समुपदेशिकेने माझा अर्ज वाचून शांतपणे सांगितले की यातला एकही शब्द बाहेरच्या माणसाला कळणार नाही. मग मी तो पुन्हा लिहिला. तांत्रिक आदेशानुसार तपासणी, प्रत्येक वस्तूचा क्रमांक आणि मुदत यांची नोंद, हत्यारांची मोजणी, मापनयंत्रांची अचूकता, नव्या लोकांचे प्रशिक्षण, अशा शब्दांत. तरीही एका मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी "म्हणजे तुम्ही कापडाच्या घड्या घालत होता" असे म्हटले. मला त्या वाक्याचा राग आला, आणि आजही आहे, कारण ते माझ्याच नव्हे, आईच्याही आयुष्यभराच्या कामाला लागू होते.

दुसरी अडचण परवान्याची. विमानाच्या सांगाड्याचा आणि इंजिनाचा मेकॅनिक होण्यासाठी इथे दोन्ही मिळून 30 महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. माझी सहा वर्षे विमानाच्या सावलीत गेली असली तरी सांगाड्याला आणि इंजिनाला माझा हात लागलेला नाही, त्यामुळे तो रस्ता मला नव्याने शिकूनच धरावा लागेल. सेवेमुळे मिळालेली 36 महिन्यांच्या शिक्षणाची तरतूद मी त्यासाठी राखून ठेवली आहे.

तूर्त ठरवले आहे ते असे. सेवेचे शेवटचे महिने पगार चालू ठेवून बाहेरच्या कंपनीत काम शिकण्याची एक योजना आहे. तिची कमाल मुदत 180 दिवसांची आहे, मला चार महिने मंजूर झाले आहेत. एप्रिलपासून मी फिनिक्सच्या परिसरातील एका दुरुस्ती केंद्रात जाईन. तिथे प्रवासी विमानांची लाइफ जॅकेटे, फुगणाऱ्या होड्या आणि आणीबाणीच्या दारांना लावलेल्या घसरगुंड्या तपासल्या जातात. तुम्ही दोघे इथे आलात तेव्हा विमानाच्या दारापाशी खाली जो फुगीर कप्पा दिसला असेल, त्यात ती घसरगुंडी असते. ती 6 सेकंदांत उभी राहिली पाहिजे आणि निम्मी दारे बंद असली तरी सर्व माणसे 90 सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत, असा नियम आहे. हे काम मला परके वाटत नाही. मात्र तिथे मिळणारे दुरुस्तीकाराचे प्रमाणपत्र त्या नोकरीपुरतेच असते, नोकरी सुटली की तेही संपते.

म्हणून त्याच्या जोडीला मी पॅराशूट रिगरचे, म्हणजे पॅराशूट तपासून बांधणाऱ्याचे, प्रमाणपत्र घेणार आहे. ते माझ्या नावाचे असेल, कंपनीच्या नव्हे. सैन्यात हेच काम केलेल्यांना पुरेसा अनुभव दाखवून फक्त नियमांची लेखी परीक्षा देता येते, तोंडी आणि प्रात्यक्षिक द्यावी लागत नाही, पण सेवा सुटल्यापासून 12 महिन्यांच्या आत अर्ज केला तरच. नंतर हा दरवाजा बंद होतो. नागरी पद्धतीचा हात बसावा म्हणून मी जानेवारीपासून सुट्टीच्या दिवशी एलॉयला जाते. फिनिक्स आणि टूसॉन यांच्या मधले हे छोटे गाव विमानातून उड्या मारणाऱ्यांमुळे जगभर ठाऊक आहे. तिथल्या एका वयस्क रिगर बाईंच्या देखरेखीखाली मी पाठीवरच्या प्रकारची 20 पॅराशूट बांधते आहे, आज 14 झाली.

उडी मारणारा आपले मुख्य पॅराशूट स्वतः बांधू शकतो, पण राखीव पॅराशूट प्रमाणपत्रधारक रिगरनेच बांधले पाहिजे आणि ते वापरले गेले नाही तरी 180 दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधले पाहिजे. बांधून झाल्यावर रिगर सोबतच्या कार्डावर तारीख, ठिकाण आणि आपला प्रमाणपत्र क्रमांक लिहून सही करतो, आणि पिनेच्या दोऱ्यावर शिशाची बारीक मोहोर दाबतो. त्या मोहोरेवर त्याला सरकारने दिलेले चिन्ह असते. टप्प्याटप्प्यावर थांबवणारी दुसरी व्यक्ती तिथे नसते. मी चुकले तर ते पाहणारे कोणी नसेल, आणि पुढचे सहा महिने कोणी उघडूनही पाहणार नाही. पहिल्यांदा हे नीट उमगले त्या दिवशी घरी येताना गाडी बाजूला लावून मी बराच वेळ बसून राहिले होते. भीती होती, ती आजही आहे. पण मला हेच हवे आहे, हेही त्याच बसण्यात कळले.

बाबा, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. तपासणी खात्यात तुमचा स्वतःचा क्रमांकाचा शिक्का होता. तुम्ही तो रुमालात बांधून खिशात ठेवायचात, आम्हा मुलांना हात लावू द्यायचा नाहीत, आणि निवृत्तीच्या दिवशी तो जमा करून आलात त्या रात्री जेवला नव्हतात. तेव्हा आईने तुम्हाला बरे नाही असे आम्हाला सांगितले होते.

पैशांविषयी स्पष्ट लिहिते. पहिले वर्षभर हातात आतापेक्षा कमी येईल. हवाई दलाकडून मिळणारा घरभत्ता बंद होईल, आणि उड्यांचे काम हंगामाप्रमाणे कमीजास्त होते. आम्ही दोघांनी बसून हिशेब केला आहे. गाडीचे हप्ते जुलैत फिटतात, त्यानंतर अडचण पडू नये. तुमच्या औषधांचे पैसे आता येतात तसेच दरमहा येतील, त्याची काळजी करू नये.

नाशिकला परत येऊन तिथेच काही का करत नाहीस, असे आईने दोनदा विचारले. आई, मी सेवेत असतानाच इथली नागरिक झाले, आणि परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारताचे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारे कार्ड, मिळत नाही. त्यामुळे आता मला घरी यायचे तर व्हिसा घेऊन पाहुणीसारखेच यावे लागेल. भरतीच्या करारावर सही करण्यापूर्वी मला हे माहीत होते आणि मी ते तुला सांगितले नाही, याबद्दल मला क्षमा कर. दिवाळीला यायचा विचार आहे. सप्टेंबरमध्ये परीक्षा झाली की व्हिसाचा अर्ज करते. येताना तुझ्या मशीनसाठी सुया आणते, क्रमांक तेवढा कळव.

बाबा, मला मिळणारे मोहोरेचे चिन्ह तीन अक्षर-अंकांचे असेल आणि ते मला निवडता येणार नाही, जे येईल ते. पण तुमच्या शिक्क्यावरचा क्रमांक काय होता, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलेच नाही. पुढच्या पत्रात तो लिहून पाठवावा.

तुमची आज्ञाधारक,
वसुधा