देवाला हिट पॉइंट्स कशाला?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या खेळांवर लेख होता, त्यात फँटसी रोलप्लेइंग गेम्समुळे, म्हणजे काल्पनिक जगातलं एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळांमुळे, पोरं परक्या देवांच्या नादी लागतात असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. मी नाशिकला दर रविवारी घरी पाच कॉलेजच्या मुलामुलींना त्यातलाच डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ खेळवतो, नऊ वर्षं झाली. माझी तक्रार अगदी उलटी आहे. या खेळात देव भरपूर आहेत, पण कोणाला त्यांचं काही देणंघेणंच नसतं.

१९७४ ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हापासून त्यात क्लेरिक आहे, म्हणजे देवाच्या बळावर जखमा बऱ्या करणारा, भुतंखेतं पळवणारा. मुलं काय करतात, पुस्तकातली यादी उघडतात, कुठल्या देवाकडे कुठली शक्ती मिळते ते बघतात, एक घेतात आणि नंतर वर्षभर त्या देवाचं नावसुद्धा निघत नाही. आपल्याकडे कुलदैवत कोणी असं निवडलंय का? ते घराबरोबर येतं, लग्न झालं की जेजुरीला नाहीतर तुळजापूरला जावंच लागतं, मानत असा नाहीतर नसा.

आणि ते आकडे! १९७६ मधे या खेळाचं देवांवरचं पहिलं पुस्तक निघालं त्यात प्रत्येक देवाला हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार खाल्ला की मरेल त्याचा आकडा. त्याच्या प्रस्तावनेत संपादक टिम कास्कने हेतू सांगितलाय, की खुद्द ओडिनला ३०० असतील तर ४४व्या लेव्हलचा, म्हणजे अवाच्या सवा ताकदीचा, सरदार घेऊन मिरवणाऱ्याला कोण सिरियसली घेईल. हेतू चांगलाच होता हो, पण आकडा दिला की तो शून्यावर आणता येतो का हे बघितल्याशिवाय खेळणारा राहत नाही. १९८० च्या डेइटीज अँड डेमिगॉड्समधे तर झ्यूस, ओडिनबरोबर आपले इंद्र, अग्नी, विष्णू, काली पण त्याच साच्यात बसवलेत. मला राग त्यांची नावं घेतल्याचा नाही, वाईट याचं वाटतं की पुंडलिकाने टाकलेल्या विटेवर अठ्ठावीस युगं उभा राहणारा देव त्या तक्त्यात लिहिणार कसा, त्याचं मोठेपण त्या उभं राहण्यात आहे.

खेळात देवाला खरं महत्त्व देता येतच नाही असं नाही. १९७८ चा रूनक्वेस्ट हा दुसरा खेळ बघा, ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरँथा नावाच्या जगातला. तिथे देवाचं व्हायचं तर दीक्षा घ्यावी लागते, वेळ आणि कमाईतला वाटा द्यावा लागतो. अगदी जिवावर बेतलं तर देवाला हाक मारता येते, १ ते १०० मधला आकडा पाडायचा, तो आपल्या पात्राच्या पॉवरच्या, म्हणजे आत्मबळाच्या आकड्याच्या, आत आला तर देव धावतो, पण जेवढा आकडा पडला तेवढी पॉवर गेली म्हणजे गेलीच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली, तिला हा नियम कोणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

म्हणून गेल्या वर्षी मी आमच्या टेबलावर यादी बंद केली. आता प्रत्येक गावाला ग्रामदैवत आहे, शिवेबाहेर त्याचं बळ चालत नाही, काही ठरवायचं तर कौल लावायचा, आणि मदत हवी तर नवस बोलायचा, तो मी वहीत लिहून ठेवतो. पोरं पहिल्यांदा कुरकुरली, आता तीच एकमेकांना आठवण करून देतात, अरे देवीचं राहिलंय. आमच्यातल्या एकीने खेळात, पुरात अडकलेला भाऊ वाचावा म्हणून बकऱ्याचा नवस बोलला होता, भाऊ वाचला, पण तिला आता बकरं कापवत नाहीये, म्हणून येत्या रविवारी सगळे देवळात कौल लावणार आहेत, पुरणपोळीवर देवी ऐकते का ते विचारायला.

आपला,
एक वाचक, नाशिक