तान्ह्यांच्या उपचारांसाठी रात्रीही दार उघडे हवे

महोदय,

पाच वर्षांखालील मुलांचे सर्वाधिक बळी घेणारा संसर्गजन्य आजार न्यूमोनिया आहे. तरीही रात्री धाप लागलेल्या बाळाला घेऊन नेमके कुठे जायचे, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षाच्या आत ५० किंवा अधिक झाला, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहणे धोक्याचे असते. हे पालकांना लसीकरणाच्या वेळीच शिकवता येईल. परंतु ऑक्सिजन, बाळाच्या इवल्याशा बोटाला किंवा पावलाला बसणारा ऑक्सिमीटर आणि तो वापरणारी प्रशिक्षित परिचारिका जवळच्या आरोग्य केंद्रात रात्रपाळीतही असलीच पाहिजे. मोठ्या रुग्णालयांच्या नव्या इमारतींआधी यासाठी तरतूद व्हावी, ही आग्रहाची विनंती.

– एक पालक