विषय: 40 मिनिटांच्या खेळाची 32 तास म्हणून नोंद, गेम बंद केल्यावरही मागं चालू राहणारा तुमचा अपडेटर आणि आज फोनवर झालेला अपमान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कस्टमर केअरचा चौथा फोन आत्ताच ठेवला. पाचवा करणार नाही. जे आहे ते लेखी देतो.

शनिवारी रात्री तुमच्या ऑनलाइन दुकानातून 2,499 रुपयांना गेम घेतला. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, विंडोज 11 या मशीनवर बसत नाही आणि चालतं मशीन भंगारात घालायची रीत आमच्या उद्यमनगरात नाही. गेमच्या पानावर 'लिनक्सवर वाइनमार्फत चालतो' असं तुम्ही लिहिलंय म्हणूनच पैसे भरले. (वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर.) ते वाक्य आजही तिथं आहे.

रात्री साडेदहाला गेम लावला, 40 मिनिटं खेळलो, तो सारखा अडकत होता म्हणून मेनूतनं रीतसर बाहेर पडलो आणि ज्यातनं गेम सुरू होतो तो तुमचा लाँचरही बंद केला. वर्कशॉपच्या ड्रॉइंगचा बॅकअप चालू होता, त्यामुळं कॉम्प्युटर तसाच ठेवला. रविवारी पहाटे आईला घेऊन जोतिबाला गेलो, तिथनं पन्हाळ्याला बहिणीकडं मुक्काम केला. सोमवारी सकाळी सातला घरात पाऊल टाकलं तर कॅबिनेटचा पंखा जीव खाऊन फिरत होता. लाँचर उघडला. खेळलेला वेळ: 32 तास.

तुमचा नियम असा की 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच पैसे परत. मी 40 मिनिटं खेळलोय.

कारण मी स्वतः शोधलं. वाइनमध्ये वाइनसर्व्हर ही एक प्रोसेस सगळ्या विंडोज प्रोग्रामांचा कारभार बघते आणि शेवटचा प्रोग्राम गेला की काही सेकंदांत आपणहून बंद होते. सर्व्हिसेस, वाइनडिव्हाइस, एक्सप्लोरर या वाइनच्या घरच्या प्रोसेस. त्या कुणाला अडवून धरत नाहीत, शेवटचा पाहुणा उठला की त्याही उठतात. माझ्याकडं शेवटचा पाहुणा उठलाच नव्हता. तो तुमचा अपडेटर, गेम अपडेट करणारा प्रोग्राम. तो चालू होता तोवर तुमच्या हिशोबात मी खेळतच होतो. प्रोसेसरचा एक अख्खा कोर खात बसला होता. लाँचरची खिडकी बंद केली की तो ट्रेमध्ये, म्हणजे लहान आयकॉनांच्या पट्टीत, जाऊन बसतो आणि माझ्या डेस्कटॉपवर तो आयकॉन दिसतच नाही. मग ग्राहकानं तो बंद करायचा कुठनं?

पहिल्या फोनवर वाइनडिव्हाइसला दोष देऊन तो मारायला लावला. मारला, अपडेटर जागचा हलला नाही. दुसऱ्या फोनवर पीकिल या प्रोसेस बंद करायच्या कमांडला अपडेटरचं पूर्ण नाव द्यायला सांगितलं. लिनक्स प्रोसेसचं नाव 15 अक्षरांपर्यंतच ठेवतं, तुमच्या फाइलचं नाव त्याहून लांब आहे. पूर्ण नाव दिलं की काहीच सापडत नाही, एफ हा पर्याय जोडून अख्ख्या कमांडलाइनमध्ये शोधावं लागतं. तिसऱ्यानं सरळ वाइनसर्व्हरच किल -9 नं, म्हणजे आवरायला वेळ न देता, मारायला सांगितला. रजिस्ट्री, म्हणजे सेटिंगची नोंदवही, वाइनसर्व्हरच्या मेमरीत असते, अधूनमधून आणि बंद होताना ती फाइलीत लिहिली जाते. एकदम मारल्यावर मी नुकतीच लावलेली कंट्रोलरची सेटिंग गेली. रीतसर बंद करायला वाइनसर्व्हरला के हा पर्याय द्यायचा, तोही त्या गेमचाच प्रीफिक्स, म्हणजे वाइनचा फोल्डर, सांगून, एवढं तुमच्या तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. प्रॉडक्ट तुमचं आहे ना?

आता आजचा फोन. आई शेजारी बसली होती, स्पीकर चालू होता.

"सर, माझ्या स्क्रीनवर 32 तास दिसतायत."

मी म्हणालो, तीच तर तक्रार आहे, गेम बंद असताना तुमचा अपडेटर चालू राहिला.

"एवढं खेळून झाल्यावर बरेच जण पैसे परत मागतात, सर."

मी विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी तसं म्हटलं नाही. सिस्टीम म्हणतेय."

मी प्रोसेसची यादी वाचून दाखवायला लागलो, अपडेटर सुरू झाल्याची वेळ सांगितली. त्यांनी मधेच तोडलं. "सर, घरात कॉम्प्युटर समजणारं कुणी आहे का? त्यांच्याकडं फोन द्या."

मी 42 वर्षांचा आहे. कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे प्रोग्राम स्वतः लिहितो. लेथचा स्विच बंद केल्यावर जॉब पकडणारा चक फिरतच राहिला तर माणसाचा हात जातो, त्यामुळं बंद म्हणजे बंद हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पुढं "विंडोज घ्या ना सर" म्हणाले, 9 मिनिटं होल्डवर ठेवलं आणि फोन कट. आईनं विचारलं, "कुणाला काय फसवलंस रे?"

40 मिनिटं. आईला हे समजावून सांगायला मला त्याहून जास्त वेळ लागला.

कॉलेजात असताना शाहूपुरीतल्या एका कॅफेत तासाला 20 रुपये देऊन तुमचेच गेम खेळायचो. मी खुर्चीवरनं उठलो की कॅफेवाला वहीत वेळ लिहून टाकायचा. वर एक मिनिट कधी लावलं नाही. तुमचं नाव मी तेव्हापासून चांगलंच घेत आलो, मित्रांनाही तुमचे गेम घ्यायला लावले. आता कुठल्या तोंडानं सांगू?

माझे 2,499 रुपये परत करा. खेळलेला वेळ गेमच्या प्रोसेसवरनं मोजा, अपडेटरवरनं नको. गेम बंद झाला की अपडेटरही बंद होईल असा बदल करा आणि तोवर पानावरचं लिनक्सचं वाक्य काढा. फोनवर जे बोलले त्यांनी माझी लेखी माफी मागावी. पैशाइतकीच मला तीही हवी आहे.

15 दिवसांत उत्तर आलं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला तो राहतो तिथंच तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही. वर्कशॉपचा एक दिवस बुडाला तरी चालेल.

प्रोसेसची यादी, बॅकअपचा लॉग, तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि रविवारच्या मुक्कामातले तारीख-वेळ असलेले दोन फोटो सोबत जोडले आहेत. त्या वेळी मी पन्हाळ्यावर होतो, कॉम्प्युटरसमोर नव्हतो.

एक ग्राहक
राजारामपुरी, कोल्हापूर