फिलर 'विरघळवता येतो', पण कशाने आणि किती वेळात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत लग्नसराईतल्या झटपट सौंदर्योपचारांवर, विशेषतः फिलरवर, म्हणजे चेहऱ्याला उठाव द्यायला त्वचेखाली टोचतात त्या जेलसारख्या द्रव्यावर, अर्धं पान आलं आहे. त्यातली दोन वाक्यं मी रात्री पुन्हा पुन्हा वाचली. एक, 'फिलर म्हणजे आपल्या शरीरात असणारंच द्रव्य, त्यामुळे धोका नाही.' दुसरं, 'आवडलं नाही तर विरघळवता येतं.' डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली आहे आणि माझ्या भाचीच्या नाकावर याच दोन वाक्यांचा वण आहे, म्हणून हे पत्र.

बहुतेक फिलर ज्याचे असतात ते हायलुरोनिक ॲसिड शरीरात असतं हे खरं. त्वचेत असतं, सांध्यात असतं, डोळ्याच्या आतल्या द्रवातही असतं. पण सिरिंजमधून येतं ते साखळ्या जोडून घट्ट केलेलं जेल असतं, लवकर विरघळू नये म्हणूनच तसं केलेलं. ते त्वचेखाली राहिलं तर ठीक. धमनीत शिरलं तर पुढचा रक्तपुरवठा बंद होतो. नाक आणि भुवयांच्या मधल्या जागेत चेहऱ्याच्या धमन्या डोळ्याच्या धमनीच्या फांद्यांना जाऊन मिळतात. दट्ट्या जोरात दाबला तर जेल रक्ताच्या उलट दिशेने मागे ढकललं जातं आणि दाब सुटल्यावर रक्ताबरोबर दृष्टिपटलाच्या धमनीत जाऊन अडकू शकतं. दृष्टिपटल रक्ताशिवाय तास-दीड तासाच्या वर तग धरत नाही. त्यानंतर नजर परत आणायचा खात्रीचा उपाय आज कोणाकडेही नाही. असं क्वचितच होतं, मला मान्य आहे. पण जिच्या बाबतीत होईल तिला सुई टोचून घेण्याआधी हे कळायला नको का? आपल्या लेखात 'थोडी सूज, थोडी लाली' एवढंच आहे.

आता भाचीचं सांगते. साखरपुडा झाल्यावर तिने नाकाचा उंचवटा झाकायला फिलर घेतला. आपल्या लेखात आहे तसाच, 'अर्ध्या तासात, शस्त्रक्रियेविना'. टोचतानाच तिला असह्य दुखलं आणि नाकाचा शेंडा पांढराफटक पडला. तिथल्या बाईंनी 'भुलीच्या औषधाने होतं असं' म्हणून हातात बर्फाची पिशवी दिली आणि घरी पाठवलं. रात्री माझ्या बहिणीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. नाकाच्या एका बाजूपासून कपाळापर्यंत जांभळी जाळी उमटली होती. नीळ पडली की काय, असं तिने विचारलं. मी तिला नाकपुडी बोटाने दाबून सोडायला सांगितली आणि रंग कधी परत येतो ते बघ म्हटलं. रंग बराच वेळ आलाच नाही. बर्फ ताबडतोब काढायला लावला, कारण बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. दिसतंय का, दुखतंय का, एक-एक डोळा झाकून विचारून घेतलं.

मग त्या सेंटरला फोन केला. कोणता फिलर दिला? 'इम्पोर्टेड.' कंपनी कोणती, बॅच कोणती? 'मॅडम उद्या अकराला येतील.' हायलुरोनिडेज आहे का तुमच्याकडे? फोनवरच्या मुलीने हा शब्दच ऐकलेला नव्हता. तिचा राग नाही मला, तिला तो कोणी शिकवलाच नव्हता. राग आहे तो तिला तिथे बसवून लोकांच्या चेहऱ्यात सुया घालणाऱ्यांचा.

संपादक महाशय, 'विरघळवता येतं' ते या हायलुरोनिडेजने. १५०० युनिटची छोटी व्हायल असते, आत पावडर, सलाइनमध्ये विरघळवून देतात. डोळ्याला भूल देताना आम्ही हेच औषध लिग्नोकेनमध्ये मिसळायचो, त्यामुळे डोळ्यांच्या थिएटरच्या फ्रिजमध्ये ते असतंच. फिलरच्या एका सिरिंजच्या पैशांपुढे त्याची किंमत काहीच नाही. धमनी अडली की ते भरपूर मात्रेत, अडलेल्या सगळ्या भागात, गरज पडली तर पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकी जास्त त्वचा वाचते. क्वचित त्याचीच जोरदार ॲलर्जी येते, म्हणून तीही सांभाळू शकणारा डॉक्टर समोर हवा. शिवाय ते फक्त हायलुरोनिक ॲसिडवर चालतं. कॅल्शियमचा फिलर किंवा सिलिकॉन त्याने विरघळत नाही. यातलं एक अक्षर आपल्या लेखात नाही.

ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी त्या रात्री दवाखाना उघडला, म्हणून आमच्या मुलीची नजर शाबूत आहे आणि नाकही. नाकपुडीची कड मात्र काळी पडून गळून गेली. तिथे आता खळगा आणि वण आहे.

तक्रार केली का, असं आपण विचाराल. नाही केली. 'सासरी कळलं तर? लग्नाआधी बोभाटा नको,' असं बहीण म्हणाली आणि भाचीनेही मान हलवली. मी खूप भांडले. कागद काढून देते, मी स्वतः येते, म्हटलं. पण मुलगी त्यांची, निर्णय त्यांचा. असं घराघरांत होत असणार. एकीकडे कोणी तक्रार करत नाही, आणि दुसरीकडे 'एवढ्या मुलींनी घेतला, काही झालं नाही' असं सांगत ही दुकानं चालू राहतात.

कायदा नाही असंही नाही. आपल्याकडे फिलर हे वैद्यकीय उपकरण म्हणून २०१७च्या नियमांखाली येतं. बाहेरून आणलेला असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असायला हवी. चांगल्या कंपनीच्या खोक्यात बॅचचं चिकटपत्रही असतं, पेशंटच्या कागदावर लावायला. भाचीला साधी पावतीसुद्धा धड मिळाली नव्हती. सुई टोचणारी व्यक्ती डॉक्टर आहे का, हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत पाहता येतं. इंग्लंडमध्ये २०१३ साली सरकारने नेमलेल्या समितीने फिलरबद्दल स्पष्ट धोक्याचा इशारा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१पासून तिथे १८ वर्षांखालच्या मुलांना सौंदर्यासाठी फिलर देणं हा गुन्हा ठरला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच महिन्यात सुईविना फिलर सोडणारी पेनं वापरू नका म्हणून लोकांना बजावलं. आणि काल आपण त्याच पेनाची 'घरच्या घरी नवी सोय' म्हणून ओळख करून दिलीत! हे छापण्याआधी एका तरी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवलं होतं का?

लेखाच्या खालीच अशाच एका सेंटरची चौकोनी जाहिरात आहे. लेखातला फोटो आणि जाहिरातीतला फोटो एकाच मुलीचा आहे, 'आवडलं नाही तर विरघळवता येतं' हे वाक्यही दोन्हीकडे सारखंच. पैसे घेऊन छापलेला मजकूर असेल तर त्यावर ठळक अक्षरांत 'जाहिरात' असं लिहा. आमच्या घरी हा पेपर माझ्या सासऱ्यांपासून येतो. आपण छापलेलं खरं मानायची आम्हाला सवय आहे, आणि भाचीनेही त्या सेंटरचं नाव आधी छापील मजकुरातच वाचलं होतं.

आणखी एक, या विषयाला धरूनच. रविवारच्या 'वधू पाहिजे'च्या पानावर 'गोरी, देखणी, नाकीडोळी नीटस' या अटी आपण वर्षानुवर्षं जशाच्या तशा छापता. पंचविशीतल्या, पदवी आणि नोकरी असलेल्या मुलीला आपल्या नाकाचा उंचवटा लपवावासा का वाटला, याचं निम्मं उत्तर त्या पानावर आहे. त्या अटी छापायच्या की नाही, हे आपल्या हातात आहे.

माझी विनंती एवढीच की, पुढच्या मंगळवारी त्याच पानावर आणि तेवढ्याच जागेत एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांकडून धोक्यांबद्दल लिहून घ्या. फिलर घ्यायला जाणाऱ्या मुलींनी तिथे काय विचारायचं, तेही त्यात येऊ द्या: टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, फिलरचं नाव आणि बॅच, हायलुरोनिडेज आत्ता या खोलीत आहे का, आणि रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार. टोचल्यावर त्वचा पांढरी किंवा जाळीदार जांभळी झाली, दुखणं वाढत गेलं किंवा दिसायला कमी झालं, तर सकाळची वाट न पाहता लगेच मोठं रुग्णालय गाठायचं, हे मोठ्या अक्षरांत छापा. डॉक्टर मिळत नसतील तर मला कळवा, मिरजेत मी शोधून देईन.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त परिचारिका, मिरज