डीव्हीआर बिघडलेला नाही, असे सांगणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

सांगलीच्या आमच्या घरातील कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर आपण दोन खेपांत मार्गी लावलात, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि पुढे केलेला चहाही अर्धाच घेतलात. तेव्हा निदान जाहीरपणे आभार मानावेत म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे. आपल्या गल्लीत गेल्या काही महिन्यांत बऱ्याच घरांनी जुन्या तांब्याच्या तारेवरचे इंटरनेट सोडून फायबर घेतले आहे, आणि त्यांच्यापैकी कोणाचे कॅमेरे मोबाईलवर दिसेनासे झाले असतील तर त्यांनाही आपण काय केलेत ते कळावे, असा दुसरा हेतू आहे.

वडील एकटे राहतात आणि त्यांना फोनची घंटा नीट ऐकू येत नाही, हे आपण जाणताच. सकाळी साडेसहाला त्यांनी दाराबाहेरची दुधाची पिशवी आत घेतली, एवढे पुण्यात बसून दिसले की माझा दिवस सुरू होतो. फायबरची जोडणी झाली त्याच दुपारपासून मोबाईलवर ‘डिव्हाइस ऑफलाइन’ एवढेच येऊ लागले. जोडणी करणाऱ्या मुलाने टीव्हीवर नेट लावून दाखवले आणि आपले काम संपल्याचे सांगितले. कॅमेरे विकणाऱ्या दुकानातून आलेल्या गृहस्थांनी डीव्हीआर सहा वर्षांचा झाला आहे, त्याचे लॅन पोर्ट, म्हणजे नेटची तार खोचायची जागा, गेले आहे, असे न उघडताच ठरवले आणि नव्या यंत्राचे ११ हजार रुपये सांगितले. सुमारे तीन आठवडे आम्ही या दोघांच्या मध्ये लोंबकळत होतो. वडील तर पैसे काढून आणायच्या बेतात होते.

आपण आलात तेव्हा हातात हत्यारांची पेटी नव्हती, पाठकोरा कागद आणि पेन्सिल होती. ‘काय बंद आहे ते मला ठाऊक आहे, काय चालू आहे ते सांग,’ हा आपला पहिला प्रश्न होता. दूरध्वनी खात्यात आपली सारी नोकरी झाली, तिथे तक्रार आली की एक्सचेंजपासून पिलरपर्यंत (रस्त्याकडेची तारांची पेटी), पिलरपासून डीपीपर्यंत (घरांजवळचा जोडणीचा डबा) आणि डीपीपासून घरापर्यंत असे तुकडे पाडून दोष कोणत्या तुकड्यात आहे ते आधी ठरवायचे, असे आपण सांगितलेत, आणि तसेच केलेत. दिवाणखान्यातील पडद्यावर चारही कॅमेऱ्यांची चित्रे स्वच्छ दिसत होती. म्हणजे कॅमेरे, त्यांच्या केबली, त्यांना १२ व्होल्ट पुरवणारा सप्लाय आणि डीव्हीआरचा मुख्य भाग संशयातून वगळला. २०१९ च्या महापुरानंतर घर पुन्हा लावताना वडिलांनी हे यंत्र माळ्याखालच्या उंच फळीवर बसवून घेतले होते. आपण स्टुलावर चढून त्याच्या मागे डोकावलात आणि लॅन पोर्टाजवळचा हिरवा दिवा लागलेला व पिवळा लुकलुकणारा मला दाखवलात. तार तुटली असती किंवा पोर्ट मेले असते, तर ते दिवे लागले नसते. अकरा हजारांचा प्रश्न तिथे, स्टुलावर, दोन मिनिटांत संपला.

मग आपण डीव्हीआरच्या मेनूत जाऊन नेटवर्कचे पान उघडलेत आणि त्यावरचे आकडे कागदाच्या डाव्या बाजूला लिहिलेत : पत्ता १९२.१६८.१.१०८, गेटवे (घराबाहेर जाण्याचे दार, म्हणजे राउटर) १९२.१६८.१.१. उजव्या बाजूला माझ्या मोबाईलला वायफायवर मिळालेला पत्ता लिहिलात : १९२.१६८.०.१०४. तिसऱ्या जागी एकीकडे १ आणि दुसरीकडे ०, एवढाच फरक होता, पण तोच रोग होता. सहा वर्षांपूर्वी कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरला हा पत्ता हाताने कायमचा लावून दिला होता. जुन्या राउटरचे घर ‘१’ चे होते म्हणून ते चालले. नवा राउटर ‘०’ चे घर मांडून बसला, आणि डीव्हीआर मात्र आता अस्तित्वातच नसलेल्या जुन्या गेटवेला हाका मारत राहिला. ‘एक्सचेंज बदललं, पण याच्याकडे नंबर जुन्याच एक्सचेंजचा आहे, हा बोलणार कोणाशी?’ हे आपले वाक्य ऐकून वडील प्रथमच हसले. त्यांना नेटवर्क समजत नाही, एक्सचेंज समजते. आपण पत्ता १९२.१६८.०.१०८ केलात, गेटवे १९२.१६८.०.१ केलात, डीएनएसच्या (नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्याच्या) जागीही राउटरचाच पत्ता घातलात, आणि अर्ध्या मिनिटात माझ्या मोबाईलवर आमचे अंगण उगवले.

त्याच वेळी एक भीती मात्र वाटून गेली. मधल्या तीन आठवड्यांचे रेकॉर्डिंग पाहावे म्हणून मी तारखा उघडल्या तर सगळे दिवस रिकामे. हार्ड डिस्क गेली असे मी म्हणाले. आपण पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळाकडे बोट दाखवलेत. तिथे सन २००० चालू होते. आतल्या पाटीवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, कधीचाच संपला होता. वीज गेली की घड्याळ आरंभाला जायचे, पण नेट असेपर्यंत डीव्हीआर वेळ इंटरनेटवरून पुन्हा लावून घेत असे, म्हणून सेल मेल्याचे कोणाला कळलेच नव्हते. रेकॉर्डिंग होते, फक्त ते पंचवीसेक वर्षे मागे जाऊन बसले होते. सेल बदलला आणि ते प्रकरण तिथेच मिटले.

काका, खरे आभार मात्र मला आपल्या दुसऱ्या खेपेचे मानायचे आहेत.

मी पुण्याला परतल्यावर चार दिवसांनी चित्र पुन्हा तुटू लागले. येई, जाई, दहा मिनिटे गायब होई. आपल्याला पुन्हा त्रास द्यायचा संकोच होता, पण फोन केल्यावर आपण एवढेच म्हणालात की, काही हात लावू नका, बंद पडले की फक्त वेळ लिहून ठेवा. आठवडाभर मी वहीत वेळा लिहिल्या. सोमवार ते शनिवार संध्याकाळी साडेसातनंतर, रात्री अकरापर्यंत. रविवारी मात्र सकाळपासूनच. ही वही मी आपल्याला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा आपण डीव्हीआरविषयी एकही प्रश्न विचारला नाहीत. ‘रोज साडेसातला आणि रविवारी दिवसभर घरात काय चालू असतं?’ असे विचारलेत. उत्तर वडिलांनी दिले : वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. दोघेही नोकरीला जातात, आमचेच वायफाय वापरतात, आणि घरी आले की टीव्ही लावतात.

त्या संध्याकाळी आपण आमच्याकडे गेलात आणि मला व्हिडिओ कॉलवर घेतलेत. डीव्हीआरची लॅन तार आपण उपसून हातात धरलीत आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवरून १०८ या पत्त्याला पिंग केलेत, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारलीत. तार आपल्या हातात लोंबत होती आणि पलीकडून १०८ ठणठणीत ‘ओ’ देत होता! त्या क्षणी माझ्यासारख्या अडाणी माणसालाही कळले की या घरात १०८ नंबरची माणसे दोन आहेत. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली, तर १०८ समोर भाडेकरूंचा टीव्ही. राउटर १०० पासून १९९ पर्यंतचे पत्ते आपल्या मर्जीने वाटत होता; डीव्हीआरने १०८ आधीच अडवला आहे याची नोंद त्याच्याकडे नव्हती, म्हणून त्याने तोच पत्ता टीव्हीला देऊन टाकला. दोन यंत्रे एका पत्त्यावर बसली की डीव्हीआरची टपाले कधी टीव्हीकडे जातात आणि टीव्हीची कधी डीव्हीआरकडे, हे आपण समजावलेत. वरच्या मजल्यावरही टीव्ही अडखळत होता, पण बिचाऱ्यांनी संकोचाने सांगितले नव्हते.

आणि मग आपण म्हणालात, ‘चूक माझी आहे. तुझ्या फोनला १०४ मिळाला होता, तेव्हाच शंभराच्या पुढचे नंबर राउटर वाटतो आहे हे मला दिसायला हवं होतं. जुना आकडा तसाच ठेवायचा मोह झाला.’ पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पैसे न घेता केलेल्या कामातली चूक, तेही कोणी बोट दाखवलेले नसताना, इतक्या साधेपणाने कबूल करतो, हे मी माझ्या कार्यालयात फारसे पाहिलेले नाही. दुकानाच्या माणसाने पाहिल्याशिवाय पोर्टावर खापर फोडले होते; आपल्याला खापर राउटरवर फोडता आले असते आणि आम्हाला ते कधीच कळले नसते. आपण डीव्हीआरला १९२.१६८.०.२० हा, राउटरच्या वाटपाबाहेरचा पत्ता दिलात. त्यानंतर आजवर चित्र तुटलेले नाही.

एक गोष्ट आपण करू दिली नाहीत, तिचेही आभार. बाहेरून कॅमेरे पाहण्यासाठी राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडा आणि त्यासाठी दरमहा पैसे भरून वेगळा आयपी पत्ता घ्या, असे मला एका ओळखीच्याने सुचवले होते. आपण राउटरचा बाहेरचा पत्ता पाहिलात. तो १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला. हा पट्टा २०१२ मध्ये, अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरता यावा म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आहे, तेव्हा आमच्या राउटरवर पोर्ट उघडणे म्हणजे सोसायटीचे फाटक बंद असताना स्वतःच्या घराची कडी काढून ठेवणे होते. डीव्हीआरच्या अनुक्रमांकाचा क्यूआर कोड ॲपमध्ये टिपला की यंत्र स्वतःच बाहेर संपर्क साधते आणि पोर्टाची गरजच उरत नाही. वेगळा पत्ता घेऊन फाटकही उघडले असते तर काय झाले असते, तेही आपण सांगितलेत : २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आले तसेच पासवर्ड ठेवलेले जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी केलेल्या हल्ल्यात ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास अडल्या. आमचा पासवर्ड एक ते सहा हे आकडे होता. तो आपण वडिलांकडूनच बदलून घेतलात आणि टाइप करताना मान वळवून उभे राहिलात.

तो पाठकोरा कागद वडिलांनी डीव्हीआरच्या फळीला चिकटवला आहे. परवा त्यांनी दुधाची पिशवी आत घेतली आणि कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवला. मग स्टुलावर चढून कागदाचा एक सुटलेला कोपरा पुन्हा चिकटवला. मी पुण्याहून ओरडत होते, पण त्यांना ऐकू येत नाही. कागदावर सर्वांत खाली, आपल्या अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेले आहे : ‘२० ठेवणे. १०८ नको.’

दसऱ्याला येते आहे. चहा पूर्ण घ्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
समोरच्या घरातील लेक